परीक्षकाने काय पाहायचे? विद्यार्थी चित्रप्रदर्शन आणि बक्षिसाचा निवाडा

मागच्या वेळी आपण ‘चांगले’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ पाहिले होते. उठता उठता एका श्रोत्याने विचारले, “सर, हे सगळं ठीक आहे. पण उद्या कॉलेजच्या चित्रप्रदर्शनात पहिला नंबर कोणाचा हे ठरवायची वेळ आली, तर तुमचं तत्त्वज्ञान काय कामाचं?” प्रश्न रास्त होता आणि आम्हाला जरा लागलाही. का लागला, ते आधी सांगतो. कारण या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि आजचे सगळे विवेचन त्या चुकीभोवतीच फिरणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईतल्या एका महाविद्यालयाच्या वार्षिक चित्रप्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. परीक्षक तीन. एक व्यावसायिक चित्रकार, एक जाहिरात क्षेत्रात हयात घालवलेल्या बाई, आणि तिसरे आम्ही. सौंदर्यशास्त्र शिकवतात म्हणजे चित्रातलं कळत असणार, अशा समजुतीने आमची निवड झालेली. चित्रे साठ-सत्तर, वेळ दोन तास. साडेपाचला बक्षीस समारंभ, पाहुणे घरून निघालेले, हार-पेढे येऊन पडलेले. प्रत्येकाच्या हातात एक तक्ता: चित्राचा क्रमांक आणि पुढे शंभरपैकी गुण.

भिंतीच्या टोकाला, दाराच्या आड, चारकोलमध्ये काढलेले एक लहानसे चित्र होते. बावखलाचे. वसईकरांना बावखल म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे वाडीतल्या झाडांना पाणी मिळावे म्हणून खणलेली जी तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते, विहिरी गोड ठेवते. त्या चित्रात अर्ध्या कागदावर गडद, जवळजवळ काळे पाणी होते, काठावर मोडका रहाट होता, आणि उरलेला अर्धा कागद कोरा होता. आम्ही मनात म्हटले, चित्र पुरे झालेले नाही. गुण दिले 45. शेजारच्या भिंतीवर वसई किल्ल्याचे भले मोठे तैलचित्र होते. पडकी तटबंदी, संध्याकाळचे ऊन, सगळे झोकात. त्याला दिले 90. त्या तैलचित्राला पहिले बक्षीस मिळाले. बावखलाला उत्तेजनार्थसुद्धा काही नाही.

समारंभ संपल्यावर एक मुलगी जवळ आली. पहिल्या वर्षाची असावी. म्हणाली, “सर, माझ्या चित्रात काय कमी होतं? पुढच्या वेळी सुधारीन.” आम्ही वडीलकीच्या सुरात म्हणालो, “बाळ, अर्धा कागद कोराच राहिलाय. चित्र पूर्ण करत जा.” ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, तो भराव आहे.”

आम्ही परत जाऊन चित्र पाहिले. खरोखरच तो भराव होता. बुजवलेल्या बावखलाचा भाग तिने कोरा ठेवला होता. पाण्याच्या कडेला, जिथे काळा संपून पांढरा सुरू होतो, तिथे डंपरच्या चाकांच्या दोन रेघा होत्या. त्या आम्ही पाहिल्याच नव्हत्या.

आवड आणि निवाडा

आता ही चूक कोणत्या जातीची, हे पाहू. कोणी म्हणेल, “सर, कशाला मनाला लावून घेता? व्यक्ती तितक्या प्रकृती. तुम्हाला किल्ला आवडला, दुसऱ्याला बावखल आवडलं असतं.” हे बोलणे दिलासा देणारे आहे, पण खरे नाही. आवडीत चूक होत नसते. आम्हाला सुकट आवडते, आमच्या घरी ती आवडत नाही, यात कोणीही चुकलेले नाही. पण त्या चित्राबद्दल आम्ही चुकलो होतो. ‘चित्र अपुरे आहे’ हे आमचे विधान खोटे होते. ज्या गोष्टीत चुकता येते, ती नुसती आवड नसते. तो निवाडा असतो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 साली सौंदर्याच्या निवाड्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा भेद फार नेमकेपणाने केलेला आहे. ‘मला हे आवडते’ असे मी म्हणतो तेव्हा मी फक्त माझ्याबद्दल बोलत असतो. ‘हे सुंदर आहे’ असे म्हणतो तेव्हा मी जणू सगळ्यांच्या वतीने बोलतो, तुम्हीही सहमत व्हावे अशी अपेक्षा धरतो. आणि गंमत अशी की ही सहमती मला नियम लावून सिद्ध करता येत नाही. गणितासारखा पुरावा नाही, तरी दावा मात्र सगळ्यांवर आहे. सौंदर्यनिवाड्याची सगळी अडचण या एका जागी आहे.

कांटच्या आधी, 1757 साली, डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोटे’ कादंबरीतली एक गोष्ट वापरली आहे. सांचो पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक लोखंडी किल्ली सापडते!

ह्यूमचे म्हणणे असे की जाणकार माणूस हवेतून काही काढत नाही. पिंपात किल्ली असतेच. इतरांच्या जिभेला ती कळत नाही एवढेच. असा जाणकार कसा तयार होतो? ह्यूम पाच गोष्टी सांगतो: संवेदना सूक्ष्म हवी, सराव हवा, पुष्कळ कृती शेजारी शेजारी ठेवून तुलना केलेली हवी, पूर्वग्रह बाजूला ठेवता आला पाहिजे, आणि कृतीचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे समजण्याइतकी शहाणी बुद्धी हवी. त्या दुपारी या पाचांपैकी आमच्यापाशी किती होत्या? पूर्वग्रह होता, की पूर्ण चित्र म्हणजे भरलेला कागद. चारकोलच्या चित्रांचा सराव जवळपास नव्हता. आणि चित्रापुढे आम्ही जेमतेम मिनिटभर उभे होतो. त्या पिंपातली किल्ली म्हणजे चाकांच्या त्या दोन रेघा. त्या तिथे होत्या, आम्हाला दिसल्या नाहीत.

एकटा माणूस पुरत नाही

आपल्याकडे हा विचार झाला नाही, असे समजू नका. भरताच्या नाट्यशास्त्रात, 27 व्या अध्यायात, प्रयोगाची ‘सिद्धी’ कशी मोजावी याची चर्चा आहे, आणि तिथे परीक्षकांना चक्क एक नाव आहे: प्राश्निक. वाद उपस्थित झाला की त्यांनी निर्णय द्यायचा. ते कोण? यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक-वादक आणि राजसेवक. दहा जण. आणि प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले. अभिनयाचे नर्तकाने पाहायचे, वृत्तांचे छंद जाणणाऱ्याने, शरीराच्या सौष्ठवाचे धनुर्धराने, नेपथ्याचे, म्हणजे वेशभूषेचे, चित्रकाराने, स्वरांचे गायकाने. सगळ्यांनी सगळ्यावर मत द्यायचे नाही. शिवाय गुणदोष टिपून ठेवणारे आणि मोजणारेही आहेत. ज्याचे दोष कमी आणि सिद्धी जास्त, त्याला पताका द्यायची. पताका म्हणजे आजच्या भाषेत फिरती ढाल म्हणा ना!

त्याच अध्यायात भरत प्रेक्षकांबद्दल बोलतो. आदर्श प्रेक्षकाच्या गुणांची लांबलचक यादी देतो आणि मग मान्य करतो की हे सगळे गुण एका माणसात सापडत नाहीत. तरुणांना शृंगार भावतो, शूरांना युद्धाचे प्रसंग, वृद्धांना पुराणकथा. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रातही असाच विचार आहे: आचार्यांची नजर रेषेवर जाते, जाणकारांची छायाप्रकाशावर, कोणाची अलंकरणावर आणि बाकीच्या लोकांची रंगांच्या श्रीमंतीवर. आम्ही किल्ल्याला 90 दिले तेव्हा कोणत्या गटात होतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर, शेवटच्या.

मराठीतला याच प्रश्नावरचा फार मोठा विचार म्हणजे रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’, 1974 सालची. 1975 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या ग्रंथाला मिळाला. पाटणकरांची मांडणी थोडक्यात अशी की ‘कला’ ही संकल्पना द्विध्रुवात्मक आहे. एका ध्रुवावर कलाकृती स्वतंत्र, स्वायत्त असते. तिच्यातली रेषा, रंग, रचना हेच तिचे सर्वस्व. दुसऱ्या ध्रुवावर ती जगण्याशी बांधलेली असते. ती काय सांगते, कशाबद्दल बोलते, याला महत्त्व असते. परीक्षकांच्या खोलीत जी भांडणे होतात, त्यांतली निम्मी या दोन ध्रुवांमधली असतात. एक म्हणतो, “अहो, रचना बघा!” दुसरा म्हणतो, “अहो, विषय बघा!” आपण वेगवेगळ्या ध्रुवांवर उभे आहोत हे दोघांच्याही लक्षात येत नाही. बावखलाच्या चित्राचे मोठेपण तर असे की त्यात दोन्ही ध्रुव एकत्र आले होते. कागद कोरा सोडणे हा रचनेचा निर्णय होता आणि तोच विषयही होता.

बेरजेतला घोळ

आता तुम्ही विचाराल, परीक्षक तिघे होते ना? एकटे चुकलात तर बाकीच्या दोघांनी सावरायला हवं होतं. मंडळी, खरी मेख इथेच आहे. त्या दोघांनी बावखलाचे चित्र पाहिले होते. दोघांनीही ते सर्वांत वर ठेवले होते. तरी निकाल आमच्या मताप्रमाणे लागला. कसा? आकडे थोडे सोपे करून सांगतो. तीन चित्रे धरा: अ म्हणजे बावखल, ब म्हणजे किल्ला, क म्हणजे तिसरे कुठलेतरी.

आमचे गुण: अ 45, ब 90, क 60.
चित्रकारांचे गुण: अ 76, ब 72, क 74.
जाहिरातवाल्या बाईंचे गुण: अ 75, ब 71, क 73.

करा बेरीज. ब 233, क 207, अ 196. म्हणजे पहिला किल्ला, शेवटचे बावखल. आता गुण बाजूला ठेवा आणि फक्त क्रम लावा. आमच्या क्रमात अ तिसरे, ब पहिले, क दुसरे. बाकी दोघांच्या क्रमात अ पहिले, क दुसरे, ब तिसरे. क्रमांकांची बेरीज केली, तर अ 5, क 6, ब 7. लहान बेरीज वर. म्हणजे पहिले बावखल, शेवटचा किल्ला! निकाल पूर्ण उलटा. एकही मत बदललेले नाही, फक्त मोजायची रीत बदलली.

हे का होते? त्या दोघांनी 71 ते 76 या पाच गुणांच्या आत सगळे बसवले. आम्ही 45 ते 90 असे पंचेचाळीस गुणांचे अंतर ठेवले. ज्याचे अंतर मोठे, त्याचे मत जड. तीन परीक्षक नेमले होते, पण निवाडा एकट्याने केला. आणि तोही तिघांत सर्वांत कमी जाणणाऱ्याने. कोणी लबाडी केलेली नव्हती. तक्ता स्वच्छ होता, बेरीज बरोबर होती.

क्रमांक लावून मोजण्याची ही रीत अठराव्या शतकात फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य बोर्दा यांनी मांडली. त्यांचेच समकालीन काँडोर्से यांनी तिच्यातल्या उणिवा दाखवल्या. पुढे 1951 मध्ये केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर साध्या आणि रास्त वाटणाऱ्या सगळ्या अटी एकदम पाळणारी क्रम लावण्याची कोणतीच रीत असू शकत नाही. म्हणजे क्रमांकाची पद्धतही निर्दोष नाही. उदाहरणार्थ, एखाद्या परीक्षकाला एक चित्र खरोखरच इतरांपेक्षा कित्येक पटींनी थोर वाटले, तर ते ‘कित्येक पटींनी’ क्रमांकात उतरत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच: आकडेमोड ही चर्चेची सुरुवात असू द्या, शेवट नको. दोन्ही रीतींनी मोजा. निकाल सारखा आला तर उत्तम. वेगळा आला, तर तिघांनी मिळून त्या चित्रांपुढे पुन्हा उभे राहायचे आणि एकमेकांना कारणे सांगायची. आमच्या वेळी चित्रकार म्हणाले असते, “सर, कोरा भाग नीट बघा.” बस, एवढ्याने काम झाले असते.

इतिहास काय सांगतो

बक्षिसांवर सरसकट टीका करणारे लोक पॅरिसचे उदाहरण देतात. 1863 साली तिथल्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली की ओरड झाली, आणि तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरवायला लावले. लोक तिथे हसायला गेले. ज्या चित्राला ते सर्वांत जास्त हसले, ते माने या चित्रकाराचे गवतावरच्या न्याहारीचे चित्र. आज त्याच्याशिवाय आधुनिक कलेचा इतिहास लिहिता येत नाही.

पण हे अर्धेच सत्य झाले. आपल्या मुंबईत पाहा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालचे, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 सालची. महादेव विश्वनाथ धुरंधर यांना या सोसायटीचे सुवर्णपदक 1895 मध्ये मिळाले, तेव्हा ते तिशीच्याही आतले होते. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे या जे. जे. च्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले. वय अवघे विशीचे. त्याचे जे कौतुक झाले, त्यातून एका शिल्पकाराची वाट मोकळी झाली. परीक्षक नेहमीच आंधळे नसतात. योग्य वेळी मिळालेली शाबासकी एखाद्याला उभे करते.

आणि तिसरे उदाहरण अमृता शेरगिल यांचे. 1935 मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनात त्यांची काही चित्रे घेतली, काही नाकारली, आणि घेतलेल्यांपैकी एकाला बक्षीस दिले. शेरगिल यांनी बक्षीस परत केले. आपली जास्त चांगली चित्रे नाकारली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी, 1937 मध्ये, त्यांच्या तीन मुलींच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ते मात्र त्यांनी घेतले. या गोष्टीतून आम्ही एक घेतो. कलावंताला नुसते बक्षीस पुरत नाही. ते योग्य कारणासाठी मिळाले, असे त्याला वाटावे लागते. चुकीच्या चित्राला दिलेली शाबासकी म्हणजे ‘मी तुझं काम पाहिलंच नाही’ असे सांगणे.

कोणाला कोणाशी जोखायचे?

आपल्या पालघर जिल्ह्यात प्रदर्शन असले की दहा-पंधरा चित्रे वारली पद्धतीची असतातच. ती तैलचित्रांच्या शेजारी टांगली जातात आणि एकाच तक्त्यात मोजली जातात. आता हे कसे जमायचे? वारली चित्र मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणी काढत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरू-मातीची भिंत, मधोमध देवचौक. खाली सही नाही, कोणाचा पहिला नंबर नाही. डहाणूच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेत जी हालचाल आहे, ती पाहिलेल्या माणसाला कळते की वारली म्हणजे त्रिकोणाला त्रिकोण जोडणे नव्हे. पण ज्या परीक्षकाने हे पाहिलेले नाही, तो ‘शरीररचना अचूक नाही’ म्हणून गुण कापतो, किंवा ‘आपली परंपरा’ म्हणून डोळे मिटून गुण देतो. दोन्हींत चित्र न पाहणे आहेच.

म्हणून प्रत्येक कृती तिच्या जातीच्या कसोटीवर जोखायची. रंगचित्र, रेखाटन, उपयोजित कला, शिल्प, लोककलेच्या परंपरेतले काम, असे विभाग वेगळे करा. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थ्यांचा विभाग आणि व्यावसायिक कलाकारांचा विभाग वेगळा असतो, तो उगीच नाही. आणि महाविद्यालयात तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी यांना एका ओळीत उभे करणे हा अन्यायच आहे.

इथे खर्चाचाही मुद्दा येतो. मोठा कॅनव्हास, तैलरंग, सोनेरी चौकट यांना पैसे लागतात. चारकोलच्या कांड्या आणि कागद स्वस्त. भव्यतेला भुलणारा परीक्षक नकळत वडिलांच्या खिशाला बक्षीस देत असतो. आम्ही दिले होते.

बक्षीस कशासाठी?

ॲरिस्टॉटल विचारतो, चांगल्या बासऱ्या कोणाला द्यायच्या? श्रीमंताला नाही, कुलीनाला नाही, तर उत्तम वाजवणाऱ्याला. अमर्त्य सेन यांनी हाच प्रश्न गुंतागुंतीचा केला: एक बासरी, तीन मुले. एकाला वाजवता येते, एक गरीब आहे, एकाने ती बनवली आहे. आता द्या कोणाला? तिन्ही दावे खरे आहेत. विद्यार्थी प्रदर्शनातही तीन दावे असतात. एकाचे काम आज सर्वांत सफाईदार आहे. एकाने सर्वांत लांबचा पल्ला गाठला आहे. आणि एकाच्या हातात अजून सफाई नाही, पण त्याला काहीतरी स्वतःचे दिसले आहे. एका ‘प्रथम क्रमांका’त हे तिन्ही कोंबले की भांडण होणारच. मग तीन बक्षिसांना तीन नावे द्यायला काय हरकत आहे? कौशल्याचे, प्रगतीचे आणि नव्या दृष्टीचे. नाव दिले की परीक्षकालाही कळते, आपण काय शोधतो आहोत.

आता थोडे व्यवहाराचे सांगतो. ज्या प्राध्यापकांवर असे प्रदर्शन भरवण्याची जबाबदारी आहे, त्यांनी लिहून घ्यावे.

एक. नावे झाका, फक्त क्रमांक ठेवा. स्वतःच्या विद्यार्थ्याला किंवा नात्यातल्याला कोणी गुण देऊ नयेत.

दोन. टांगणी समान ठेवा. नजरेच्या उंचीवर, सारखा उजेड. दाराआड एकही चित्र नको.

तीन. पहिल्या फेरीत गुण देऊच नका. नुसते फिरा. दुसरी फेरी उलट्या टोकाकडून करा, म्हणजे शेवटच्या चित्रांच्या वाट्याला थकलेले डोळे येणार नाहीत.

चार. चित्राखाली विद्यार्थ्याच्या दोन ओळी असू द्या. चित्र आधी पाहा, ओळी नंतर वाचा, आणि मग पुन्हा चित्र पाहा.

पाच. गुण आणि क्रमांक दोन्ही मोजा. फरक पडला तर चर्चा करा.

सहा. प्रदर्शन सकाळी, समारंभ दुसऱ्या दिवशी. पेढे वाट पाहू शकतात.

सात, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक चित्राबद्दल दोन वाक्ये लिहा. एकात काय दिसले ते, दुसऱ्यात काय करून पाहता येईल ते. साठ चित्रे म्हणजे एकशेवीस वाक्ये. फार नाहीत हो! आणि दोन वाक्ये लिहायची म्हटली की चित्र पाहावेच लागते.

प्रश्नोत्तरांमधून

एका श्रोत्याने विचारले: सर, बक्षिसेच बंद केली तर? नुसते प्रदर्शन भरवावे.

हा विचार आम्हीही केला होता. पण बक्षिसे बंद केली म्हणून निवाडा थांबत नाही. तो मग कुजबुजीत होतो, ओळखीपाळखीत होतो, कारणे न देता होतो. उघड निवाडा निदान तपासता येतो. त्या मुलीला आमच्यापुढे येऊन विचारता आले, कारण निकाल जाहीर झाला होता. म्हणून बक्षीस ठेवा, पण त्याच्याबरोबर कारण द्या.

दुसऱ्या श्रोत्या म्हणाल्या: आता मुलं संगणकाकडून चित्र करून आणतात. मग परीक्षकाने काय करायचं?

बाई, इथेही तोच उपाय चालेल. विद्यार्थ्याला चित्रापुढे उभे करा आणि विचारा, हा भाग असा का? ज्याने निर्णय घेतलेला असतो, त्याला उत्तर येते. शब्द अडखळतील, पण उत्तर येते. त्या मुलीचे उत्तर तीन शब्दांचे होते.

तिचे पुढे काय झाले, असे आता कोणीतरी विचारणार, हे आम्हाला दिसते आहे. त्या संध्याकाळी आम्ही आयोजकांना जाऊन चूक सांगितली. निकाल जाहीर झाला होता, ढाल दिली गेली होती, आणि जिंकलेल्या मुलाकडून ती काढून घेणे हा दुसरा अन्याय झाला असता. त्याने काहीच वावगे केले नव्हते. मग आम्ही त्या मुलीला एका कागदावर लिहून दिले की, तुझे चित्र अपुरे नाही, आमचे पाहणे अपुरे होते, आणि खाली सही केली. तिने तो कागद वाचला, घडी घालून वहीत ठेवला आणि म्हणाली, “सर, पण बाकीच्यांना कसं कळणार?”

या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पुढच्या वर्षीपासून त्या महाविद्यालयात परीक्षकांची दोन वाक्ये प्रत्येक चित्राखाली, सगळ्यांना वाचता येतील अशी, लावली जाऊ लागली. एवढेच आमच्या हातून झाले. आज इथे हे सगळे मोठ्याने सांगितले, तेही तिच्या प्रश्नाचे थोडे उशिरा दिलेले उत्तर समजा.